सांडपाण्याच्या गाळातलं प्लास्टिक : नफा नेमका कशात?

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कुठल्याही केंद्रातून दोन गोष्टी बाहेर पडतात. एक म्हणजे बऱ्यापैकी स्वच्छ झालेलं पाणी, जे उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे काचेच्या पेल्यात धरून छायाचित्र काढून घेतात. दुसरी गोष्ट म्हणजे गाळ, त्याचं छायाचित्र कुणी काढत नाही. मँचेस्टरच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी १९१४ मध्ये मांडलेली ‘सक्रिय गाळ’ पद्धत आज शंभर वर्षांनंतरही जगभरातल्या शहरांचा आधार आहे. तिचं तत्त्व सोपं आहे : मैलापाण्यात हवा सोडायची, त्यातल्या जिवाणूंना घाण खाऊ द्यायची आणि फुगलेली जिवाणूंची फौज तळाशी बसली की वरचं पाणी काढून घ्यायचं. म्हणजे पाण्यातली घाण नाहीशी होत नाही, तिचा बराचसा भाग जिवाणूंच्या शरीरात जाऊन बसतो. हा गाळ यंत्रात दाबून पिळला तरी त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच राहतं. तो कुजतो, वास मारतो आणि ट्रकने कुठेतरी न्यावा लागतो. केंद्र चालवण्याच्या एकूण खर्चातला निम्म्यापर्यंतचा वाटा या गाळाची विल्हेवाट लावण्यातच जाऊ शकतो. याच गाळापासून विघटनशील प्लास्टिक बनवता येतं, हे आता प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. पण त्यातून धंदा उभा राहील का, या प्रश्नाकडे बहुतेक जण प्लास्टिकच्या बाजूने पाहतात, आणि गफलत तिथेच होते. हा मुळात गाळ उचलण्याचा धंदा आहे आणि प्लास्टिक हे त्याचं जोडउत्पन्न. हिशेब या क्रमाने मांडला तरच तो जुळण्याची शक्यता आहे.

आधी या प्लास्टिकची गोष्ट. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारे मॉरिस लेमॉइन यांना १९२०च्या दशकात एका जिवाणूच्या पेशीत साठवलेला एक पदार्थ सापडला. तो होता पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट. पुढे त्याची भावंडं सापडत गेली आणि साऱ्या कुटुंबाला पॉलिहायड्रॉक्सीअल्कनोएट, थोडक्यात पीएचए, हे नाव पडलं. जिवाणूंच्या दृष्टीने ही पुढच्या दिवसांची बेगमी असते. दुष्काळी गावातलं घर सुगीला कणगी भरून ठेवतं, तसे हे जिवाणू अन्न मुबलक असताना कार्बन या रूपात साठवतात आणि उपासमार सुरू झाली की तोच खातात. गंमत अशी की पेशीबाहेर काढून वाळवला की हा साठा तापवून साच्यात ओतता येतो, प्लास्टिकसारखाच. तो मुळात जिवाणूंचं अन्न असल्यामुळे मातीतले आणि समुद्रातले जिवाणूही तो खाऊन टाकतात. पीएलए हे मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणारं, आज बाजारात जास्त दिसणारं विघटनशील प्लास्टिक. त्याला वेगाने कुजायला साठ अंशांच्या आसपास तापणारी औद्योगिक खतभट्टी लागते. पीएचएचं तसं नाही.

सांडपाण्याच्या गाळातही हा पदार्थ असतो, हे १९७४ मध्ये वॉलन आणि रोहवेडर या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं. पण नुसता असून भागत नाही, तो भरपूर असावा लागतो. त्यासाठीची युक्ती नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात मार्क फान लूसड्रेख्त यांच्या गटाने नेटाने विकसित केली. मिश्र जिवाणूंनी भरलेल्या टाकीत अन्न सतत न सोडता थोडा वेळ भरपूर द्यायचं आणि मग बराच वेळ उपाशी ठेवायचं. असं चक्र दिवसचे दिवस चाललं की साठा न करणारे जिवाणू मागे पडतात आणि साठेबाज तेवढे टिकतात. कुणी जनुकं बदलत नाही, बाहेरून शुद्ध वाण आणून सोडत नाही. निवड परिस्थितीच करते. डेल्फ्टच्या गटाने २००९ मध्ये अशा टाकीतल्या एका जिवाणूने आठ तासांच्या आत आपल्या कोरड्या वजनाच्या ८९ टक्के पीएचए साठवल्याचं प्रसिद्ध केलं. हा आकडा प्रयोगशाळेतला आणि शुद्ध ॲसिटेट खाऊ घालून मिळालेला. खऱ्या नगरपालिकेच्या गाळात ४० ते ५० टक्के मिळाले तरी उत्तम समजावं.

आता धंद्याचा इतिहास पाहू, कारण तो उत्साह आवरायला लावणारा आहे. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९८०च्या दशकात ‘बायोपोल’ या नावाने पीएचए बनवायला घेतलं. १९९० मध्ये जर्मनीत वेला कंपनीच्या शाम्पूची बाटली त्यातून निघाली. पुढे हा धंदा झेनेकाकडे गेला, १९९६ मध्ये मोन्सँटोकडे, आणि मोन्सँटोने दोनच वर्षांत तो गुंडाळला. २००१ मध्ये त्याचे हक्क मेटॅबॉलिक्स या अमेरिकी कंपनीने घेतले आणि एडीएम या धान्यव्यापारातल्या बलाढ्य कंपनीशी भागीदारी करून आयोवा राज्यातल्या क्लिंटन गावी वर्षाला ५० हजार टन क्षमतेचा कारखाना उभारला. २०१२च्या जानेवारीत एडीएमने अंग काढून घेतलं. डॅनिमर सायंटिफिक या आणखी एका अमेरिकी कंपनीने २०२५च्या मार्चमध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. या सगळ्यांचा कच्चा माल साखर, ग्लुकोज किंवा वनस्पती तेल होता. ग्लुकोजमधून जास्तीत जास्त, तेही कागदावर, निम्म्याहून किंचित कमी वजनाचं पॉलिमर निघतं. म्हणजे एक टन मालासाठी दोन टनांहून अधिक साखर आली. त्यावर निर्जंतुक टाक्या, शुद्ध वाण आणि वीज. समोर पॉलिप्रॉपिलीनसारखा प्रतिस्पर्धी, ज्याची किंमत तेलाच्या भावाबरोबर खाली घसरू शकते. पीएचए त्याच्या तीन-चार पट महाग पडत राहिलं.

मग बलाढ्यांना न जमलेलं गाळाला कसं जमणार, असा आक्षेप कुणीही घेईल, आणि तो रास्तच आहे. उत्तर असं की इथे जमाखर्चाची वही वेगळी आहे. साखर विकत घ्यावी लागते. गाळ उचलल्याबद्दल मात्र उचलणाऱ्यालाच पैसे मिळतात. मिश्र जिवाणूंना निर्जंतुक टाकी लागत नाही, उघडी काँक्रीटची चालते, आणि ती बहुतेकदा केंद्रात आधीच असते. पण हा फरक कच्च्या मालापुरता आहे, बाजारापुरता नाही, हे विसरून चालणार नाही. क्लिंटनचा कारखाना मका महाग होता म्हणूनच बंद पडला असं नव्हे. माल खपायला वेळ लागत होता आणि तोवर एवढं मोठं धूड पोसणं परवडत नव्हतं, हेही कारण होतं. गाळ फुकट मिळाल्याने हा दुसरा रोग बरा होत नाही. म्हणून गाळातल्या पीएचएचे कारखाने लहान असणंच शहाणपणाचं.

नेदरलँड्सने हा मार्ग धरला तो उगाच नाही. तिथे जड धातूंच्या कडक मर्यादांमुळे शहरी गाळ शेतात टाकणं १९९०च्या दशकापासून जवळपास बंद आहे. गाळ जाळावा लागतो. २०१९च्या उन्हाळ्यात ॲम्स्टरडॅमच्या एईबी या कचरा-भट्टीच्या सहापैकी चार रांगा सुरक्षिततेच्या कारणाने बंद ठेवाव्या लागल्या आणि गाळ ठेवायचा कुठे, हा प्रश्न आसपासच्या केंद्रांपुढे एकदम उभा राहिला. गाळ कमी होणं म्हणजे थेट पैसे वाचणं, हे तिथल्या जलमंडळांना पाठ्यपुस्तकातून शिकावं लागत नाही. अशी पार्श्वभूमी असताना ब्राबंट्से डेल्टा या जलमंडळाच्या बाथ इथल्या केंद्रातला गाळ घेऊन ‘फारिओ’ नावाचा पथदर्शी प्रकल्प झाला. व्हिओलिया कंपनीचं तंत्र आणि जलमंडळांचा पैसा असा तो मेळ होता. मुद्दाम काही वेगळं न पिकवता केंद्रातल्या रोजच्या गाळातच पीएचए साठवायची क्षमता आहे आणि मालाचा दर्जा महिनोन्‌महिने सारखा ठेवता येतो, हे त्यातून दिसलं. त्यानंतर पाच जलमंडळं, गाळ जाळणारी एचव्हीसी कंपनी आणि पाकेस बायोमटेरियल्स यांनी डोर्ड्रेख्तला मोठं प्रात्यक्षिक केंद्र उभारलं. जागा लक्षात घेण्यासारखी आहे : गाळ जाळण्याच्या भट्टीच्याच आवारात. गाळ तिथे नाहीतरी येतच होता, आणि पीएचए काढून उरलेला चोथा जाळायला लांब न्यावा लागत नाही.

अडचणी दोन ठिकाणी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली खाद्याची. जिवाणूंना पीएचए साठवायला ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी साधी आम्लं लागतात. ती मैलापाण्यात आयती नसतात. प्राथमिक गाळ किंवा कारखान्याचं सांडपाणी हवा न लावता आंबवून ती तयार करावी लागतात. आम्लांचं प्रमाण बदललं की प्लास्टिकचा स्वभाव बदलतो. नुसत्या ॲसिटिकपासून कडक, पटकन तडकणारा माल येतो. प्रोपिओनिक मिसळलं की तो लवचीक होतो. आज लवचीक आणि उद्या ठिसूळ माल साच्यावाला घेत नाही. दुसरी अडचण काढणीची, आणि माझ्या मते सगळ्या व्यवहाराचा कस इथेच लागतो. पीएचए पेशीच्या आत असतं. ते काढायचं तर पेशी फोडायच्या, पॉलिमर विरघळवायचं, गाळायचं, पुन्हा घट्ट करायचं. प्रयोगशाळेत क्लोरोफॉर्म वापरतात. कारखान्यात ते वापरणं म्हणजे विघटनशील मालासाठी विषारी द्रावकाचे टँकर मागवणं. ब्युटेनॉलसारखी सौम्य द्रावकं, डायमिथाइल कार्बोनेट, किंवा साबणासारखी द्रव्यं आणि अल्कली हे पर्याय आहेत. पण शुद्ध वाणाच्या पेशीत ऐंशी-नव्वद टक्के पॉलिमर असतं, गाळात निम्मं. तेवढाच माल काढायला गाळात कितीतरी जास्त चोथा हाताळावा लागतो, आधी तो वाळवावा लागतो, आणि पाण्याचं बाष्प करण्यात जाणारी ऊर्जा फुकट मिळत नाही. शिवाय हा पदार्थ १७५ अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याच्या थोडं वर जाताच तुटायला लागतो; काढणीत मीठ आणि पेशींचे अवशेष मागे राहिले तर आणखी लवकर. स्वस्तात आणि स्वच्छ, दोन्ही एकदम साधणारी काढणी ज्याला जमेल, त्याच्याच हाती हा धंदा जाईल.

गाळापासून बायोगॅस होतोच, मग हा उपद्व्याप कशाला, असंही विचारलं जातं. आकडे मांडून पाहू. सांडपाण्यातलं सेंद्रिय द्रव्य ‘सीओडी’मध्ये मोजतात. एक किलो सीओडीपासून जास्तीत जास्त ०.३५ घनमीटर, म्हणजे साधारण पाव किलो मिथेन मिळतो. ‘सतत’ योजनेखाली केंद्र सरकारने २०१८ मध्ये दाबलेल्या बायोगॅसला किलोला ४६ रुपये दर ठरवला होता. त्या हिशेबाने बारा रुपयांच्या आत. तेवढ्याच सीओडीचं आम्ल करून जिवाणूंना दिलं तर पाव किलोच्या आसपास पीएचए धरता येईल, आणि किलोला अगदी २०० रुपये जरी मिळाले तरी पन्नास रुपये झाले. फरक चौपट, पण या पन्नासातून काढणी, द्रावक, वाळवण, दर्जा-तपासणी सगळं भागायचं आहे, आणि गॅसला यातलं फारसं काही लागत नाही. म्हणून ‘बायोगॅस की प्लास्टिक’ असा वाद घालण्यात अर्थ नाही. आम्ल होण्याइतपत साधा कार्बन प्लास्टिककडे आणि काढणीनंतरचा चोथा बायोगॅसच्या पाचक टाकीकडे, अशी वाटणी करता येते. जिथे पाचक टाकी आधीच आहे तिथे हा कारखाना अधिक सोपा, उलट नव्हे.

मैल्यातून आलेल्या प्लास्टिकची किळस हा तिसरा आक्षेप, आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. गरम द्रावकात रोगजंतू टिकत नाहीत आणि जड धातू बहुतांशी चोथ्यात राहतात, हे सांगून ग्राहकाचं समाधान होईलच असं नाही; कायद्याचं तर मुळीच नाही. युरोपात गाळ हा कायद्याने कचरा आहे, आणि त्यातून निघालेला माल ‘आता कचरा राहिला नाही’ असा शिक्का मिळाल्याशिवाय विकता येत नाही. त्यात २०१९च्या एकवेळ-वापर प्लास्टिक निर्देशाने आणखी भर घातली. रासायनिक बदल न केलेली नैसर्गिक पॉलिमरं त्यातून वगळली आहेत, पण कारखान्यातल्या किण्वनातून आलेलं पीएचए त्या सवलतीत बसत नाही, असं युरोपीय आयोगाने २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं. म्हणजे काटे-चमचे आणि स्ट्रॉ हा बाजार बंद. माझ्या मते हे बरंच झालं. गाळातलं पीएचए खाण्याच्या वस्तूंना लावायच्या भानगडीत पडूच नये. जिथे वस्तू मातीत किंवा पाण्यात राहणारच आहे, गोळा करणं शक्यच नाही, तिथे त्याची खरी जागा आहे : सावकाश विरघळणाऱ्या खताच्या दाण्यावरचं आवरण, शेतातलं आच्छादन, रोपांभोवतीची जाळी, मत्स्यपालनाच्या टाकीत नायट्रेट काढणाऱ्या जिवाणूंचं घन खाद्य. डेल्फ्टमध्ये तर स्वतःच्या भेगा बुजवणाऱ्या काँक्रीटमध्ये जिवाणूंचं अन्न म्हणून असं पॉलिमर वापरून पाहिलं आहे. तिथे अगदी शुद्ध मालाचीही गरज नसते. अशा ग्राहकांना पिशवीच्या भावाशी तुलना करायची नसते, ते काम किती होतं ते पाहतात.

यातून प्लास्टिकचा प्रश्न सुटेल का? नाही, आणि तसं सांगणाऱ्यापासून सावध राहावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार भारतातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातल्या जेमतेम २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रत्यक्ष प्रक्रिया होते. दर दशलक्ष लिटरमागे ढोबळ २०० किलो कोरडा गाळ धरला तर वर्षाला १५ लाख टनांच्या आसपास होतो. त्याच्या एक-पंचमांश वजनाचं पीएचए निघालं, असं अतिशय उदारपणे मानलं तरी तीन लाख टन. देशात २०२०-२१ मध्ये नोंदला गेलेला प्लास्टिक कचराच ४१ लाख टनांहून अधिक होता. महाराष्ट्राची २०१८ची प्लास्टिकबंदी किंवा देशाची १ जुलै २०२२ची एकवेळ-वापर बंदी यशस्वी करण्याची जबाबदारी गाळावर टाकता येणार नाही.

तरीही आपल्याकडे हा विषय आत्ताच बोलायला हवा, त्याचं कारण मुंबई आहे. वर्षानुवर्षं या शहराचं बरंचसं मैलापाणी जुजबी प्रक्रिया करून वरळी आणि वांद्रे इथल्या लांबलचक वाहिन्यांतून समुद्रात सोडलं गेलं. समुद्रात सोडलं की गाळाचा प्रश्न फारसा येत नाही. आता वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर इथे मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सात केंद्रं होत आहेत. वरच्याच ढोबळ मापाने ती पूर्ण चालली की रोज काहीशे टन कोरडा, म्हणजे पिळूनही दोन हजार टनांच्या घरातला ओला गाळ निघेल. तो ठेवायचा कुठे? आपल्या बहुतेक शहरांत आज गाळाचं उत्तर म्हणजे वाळवण्याच्या खाचरांत सुकवणं, शेतकऱ्याला देणं किंवा कचराभूमीवर टाकणं. यात खर्च कमी दिसतो, कारण खरा खर्च कुणाच्याच वहीत लिहिला जात नाही. जोवर गाळ टाकणं जवळपास फुकट आहे, तोवर गाळ उचलणाऱ्याला शुल्क कोण देणार? आणि शुल्क नसेल तर नेदरलँड्सचं गणित इथे चालत नाही. उन्हाळ्या-पावसाळ्यात आम्लं आंबवायला टाकी तापवावी लागत नाही ही आपली जमेची बाजू, पण पावसाळ्यात पाणी पातळ होतं आणि खाद्य घटतं, ही उण्याची.

म्हणून महाराष्ट्रात सुरुवात नगरपालिकेच्या केंद्रापासून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवात करावी ती दूध डेअरी, स्टार्च कारखाने आणि धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या आसवन्या यांच्या सांडपाण्यापासून. ते घट्ट असतं, बाराही महिने बरंचसं एकसारखं असतं आणि त्यावर प्रक्रिया करण्याचा खर्च मालकाला कायद्याने सोसावाच लागतो. म्हणजे शुल्काचा प्रश्न आपोआप सुटतो. ही कल्पना परदेशी नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्येच तांदूळ आणि ज्वारीच्या आसवन्यांच्या सांडपाण्यावर सक्रिय गाळ पोसून त्यातून हे प्लास्टिक मिळवल्याचं प्रसिद्ध केलं आहे. उसाच्या मळीवर चालणाऱ्या आसवन्यांचा स्पेंटवॉश (मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी) प्रमाणाने खूप मोठा असला तरी त्यातलं पोटॅश आणि काळपट रंगद्रव्यं काढणीच्या वेळी डोक्याला ताप होतील. तो मोह आधी टाळावा. पुण्याच्या प्राज कंपनीने जेजुरीला पीएलएचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं आहे, म्हणजे पॉलिमर शुद्ध करणं, दाणे पाडणं, चाचण्या घेणं याचं कसब राज्यात आहे. आणि सांडपाण्याला गिऱ्हाईक मिळू शकतं हेही नागपूरनेच दाखवलं : भांडेवाडीतलं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला विकून.

महापालिकांनी करायची गोष्ट मात्र आज करता येण्यासारखी आहे आणि तिला कुठलंही नवं तंत्र लागत नाही. नव्या केंद्रांच्या निविदांमध्ये गाळाची विल्हेवाट ‘ठेकेदाराने आपल्या जबाबदारीवर’ अशा एका ओळीत उरकू नये. दर टन कोरड्या गाळामागे किती पैसे दिले जातील ते वेगळं लिहावं, गाळ कुठे गेला याची पावती मागावी आणि त्यात किती धातू आहेत याची तपासणी दर महिन्याला जाहीर करावी. हा दर एकदा कागदावर आला की खत, गॅस, वीट किंवा प्लास्टिक, ज्याचं गणित बसेल तो पुढे येईल. कदाचित प्लास्टिकवाला पहिल्या रांगेत नसेलही. पण दरच नसेल तर त्याने पुढे येण्याचं काही कारण नाही, आणि तोवर गाळातल्या प्लास्टिकचे जाहीर होणारे प्रकल्प अनुदान संपेपर्यंतच चालतील.